दमयंतीच्या हंसाच्या चोचीत बायोडाटा

सप्टेंबर २०२५ मध्ये गूगलच्या जेमिनी या एआय ॲपवर साडीतले फोटो करून घ्यायची लाट आली, तेव्हा आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन दिवसांत अकरा बायका शिफॉनच्या साड्या नेसून वाऱ्यात उभ्या राहिल्या. त्यातल्या दोघींना साडी नेसता येत नाही. एक मावशी तर वीस वर्षांत गाऊनमधून बाहेर आलेल्या नाहीत. मागोमाग राजा रविवर्म्याच्या चित्रात आपला चेहरा बसवून घ्यायची टूम निघाली आणि ग्रुपवर शकुंतला, मोहिनी, सरस्वती यांची रांग लागली.

माझी भाची हे सगळं बघत होती. एक दिवस म्हणाली, "मामा, हे काय करून राहिले सगळे? आपण खरंखुरं करू नं. साडी नेसून, उभं राहून, गच्चीवर."

आम्ही डिसेंबरात नागपुरातल्या महाल भागातल्या जुन्या घराच्या गच्चीवर ते केलं. फोटो ग्रुपवर टाकल्यावर मात्र प्रश्नांचा पाऊस पडला. ही नक्कल आहे का? थट्टा आहे का? असं करायला परवानगी लागते का? आणि मुख्य म्हणजे, कशासाठी? एकेकाला फोनवर समजावून घसा बसला, म्हणून हे लिहून काढतोय.

आधी चित्र बघू

आम्ही निवडलं ते 'हंस-दमयंती'. रविवर्म्यानं हे तैलचित्र १८९९ मध्ये काढलं. मूळ चित्र तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा कलादालनात आहे. लाल साडीतली दमयंती उभी आहे, दगडी कठड्यावर पांढरा हंस आहे, आणि तो काहीतरी सांगतोय ते ती ऐकतेय. एवढंच. प्रसंग म्हणावा असं चित्रात काही घडत नाही. पण बातमी ऐकताना माणूस जसा अर्धा तिथे आणि अर्धा दुसरीकडे असतो, तशी ती उभी आहे.

हेच चित्र का, याला आमच्याकडे सरळ उत्तर होतं. दमयंती आपल्याकडची मुलगी. महाभारताच्या वनपर्वात नलोपाख्यान आहे, त्यात ती विदर्भाच्या भीम राजाची लेक. राजधानी कुंडिनपूर, म्हणजे परंपरेनं वर्धा नदीकाठचं आपलं कौंडण्यपूर. त्या गावाला आपण रुक्मिणीचं माहेर म्हणून ओळखतो. दमयंतीची आठवण कुणी काढत नाही, याचं मला जरा वाईट वाटतं.

कथा अशी की निषध देशाचा राजा नळ एका हंसाला पकडतो. हंस म्हणतो, मला सोड, मी दमयंतीपाशी तुझं असं वर्णन करीन की ती दुसऱ्या कुणाचा विचार करणार नाही. हंसांचा थवा विदर्भात येतो, दमयंती आणि तिच्या मैत्रिणी एकेका हंसामागे धावतात आणि दमयंतीच्या वाट्याचा हंस बोलायला लागतो. थोडक्यात, मधल्या माणसानं स्थळ सुचवलं. आमच्या फोटोचं बीज इथेच आहे.

हंसाबद्दल एक आडवाट. महाभारतातले हे हंस सोन्यानं मढलेले आहेत, रविवर्म्याचा पांढराशुभ्र आहे. संस्कृत काव्यातला हंस म्हणजे हिवाळ्यात हिमालय ओलांडून येणारा पट्टकादंब, असं बऱ्याच पक्षीअभ्यासकांचं मत आहे. तो राखाडी असतो आणि त्याच्या डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असतात. विदर्भातल्या तलावांवर तो येतोही. तेव्हा चित्रकारानं मूळ गोष्टीत हात घातला नाही असं कुणी म्हणू नये. त्यानं पहिला बदल पक्ष्यापासूनच केला.

चित्रसुद्धा मांडामांडच असते

जुनं चित्र म्हटलं की आपण समजतो, चित्रकारानं डोळे मिटले, देवी दिसली, काढली. रविवर्म्याचं काम तसं नव्हतं. तो खऱ्या बायका समोर बसवायचा, साड्या-दागिने जमवायचा, नाटकं बघायचा. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्याला पुराणातल्या १४ चित्रांचं काम दिलं, तेव्हा १८८८ च्या सुमारास तो भारतभर हिंडला. देवतांना नेसवायचं काय, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. कापडाच्या दुकानात उभं राहून नवरीला पडतो तसाच प्रश्न. त्यानं त्याचं उत्तर ठरवलं आणि आज आपल्याला देवी साडीशिवाय सुचतच नाही. धाकटा भाऊ सी. राजराज वर्मा सोबत असायचा, तोही चित्रकार. त्याची रोजनिशी छापलेली आहे. त्यात देवलोकापेक्षा प्रवास, गिऱ्हाइकं आणि बैठकीला बसवायची माणसं यांचाच हिशेब जास्त आहे.

म्हणजे आम्ही गच्चीवर केलं ते त्याच्या चित्रशाळेत आधीच होऊन गेलं होतं. कुणीतरी उभं राहिलं, कुणीतरी म्हणालं, मान जरा डावीकडे.

याला फ्रेंच वळणाचा एक शब्द आहे, 'टॅब्लो', म्हणजे जिवंत माणसांनी न हलता उभं केलेलं चित्र. शब्द परका असला तरी गोष्ट आपली आहे. रामनवमीला पोद्दारेश्वर राममंदिरातून शोभायात्रा निघते, त्यातला चित्ररथ म्हणजे टॅब्लोच. धनुष्य ताणून तासन् तास उभा राहिलेला राम आणि हळूच नाक खाजवणारा लक्ष्मण ज्यानं पाहिलाय, त्याला आणखी समजवावं लागू नये. कॅमेरा आल्यावर लोकांनी हीच झांकी फोटोत पकडायला सुरुवात केली. १८५७ मध्ये इंग्लंडात ऑस्कर रेलँडरनं तीसहून जास्त निगेटिव्ह जोडून एक भला मोठा फोटो केला, त्याची मांडणी राफाएलच्या भित्तिचित्रावरून घेतलेली होती. पुढे २०२० च्या टाळेबंदीत लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयानं लोकांना घरातल्या वस्तू वापरून जुनी चित्रं उभी करायला सांगितलं. त्याआधी नेदरलंड्समधल्या काहींनी हा खेळ इन्स्टाग्रामवर सुरू केला होता, त्यांचा नियम तर फक्त तीन वस्तूंचा. लोकांनी टॉयलेट पेपरच्या झालरी केल्या, कुत्र्याला राजपुत्र केलं.

पण आपण कोणत्या चित्राची नक्कल करतोय?

हा प्रश्न भाचीनं विचारला तेव्हा मी जरा गप्पच झालो. कारण तिरुवनंतपुरमचं मूळ चित्र आमच्या घरात कुणीच पाहिलेलं नाही. आजीच्या खोलीत ते आहे ते कॅलेंडरवर, आणि त्या कॅलेंडरवरची साडी कुंकवासारखी लाल आहे.

रविवर्म्यानं १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे चित्रं दगडावरून छापली जायची. रीत ऐकायला अवघड, पण तव्यावर रोज दिसणारी. तेलकट तव्यावर पाणी शिंपडलं की थेंब पळतात, तेल लागलेल्या जागी बसत नाहीत. तसंच गुळगुळीत चुनखडीवर तेलकट खडूनं चित्र काढायचं, दगड ओला करायचा, मग तेलकट शाई फिरवायची. शाई फक्त खडूच्या रेघांवर बसते, ओल्या जागी बसत नाही. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. कागद एकामागून एक सगळ्या दगडांवरून गेला की रंगीत चित्र तयार. त्यावर चकाकी आणली, तैलचित्रासारखा पोत उठवला की त्याला म्हणायचं ओलिओग्राफ. हे दगडी रंग मूळ चित्रापेक्षा उठावदार असतात, चेहऱ्यावरच्या हलक्या छटा जातात, लाल आणि सोनेरी पुढे येतात. पुढे कॅलेंडरवाल्यांनी त्यावरून आणखी छापलं.

तेव्हा आम्ही ठरवलं, आजीच्या कॅलेंडरचीच नक्कल करायची. तेच आमचं मूळ. साडी लाल हवी ती कुंकवासारखीच.

प्रकाश: सगळा खेळ इथे आहे

लोक कपड्यांवर पैसे घालतात आणि भर दुपारी फोटो काढतात. तिथेच गाडी अडते.

रविवर्म्याच्या चित्रांत उजेड बहुतेक एका बाजूनं, जरा वरून येतो. एक गाल उजळ, दुसरा सावलीत, आणि सावलीही काळी नाही, तपकिरी, मऊ. त्यामुळे चेहऱ्याला गोलाई येते. मेमध्ये भर दुपारी नागपुरात हे जमणारच नाही. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तर इथे शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य अगदी डोक्यावर. अशा उन्हात भुवईची सावली डोळ्यांत पडते आणि दमयंती आठ दिवस झोपली नसल्यासारखी दिसते. डिसेंबरात मात्र भर बारालाही सूर्य आपल्याकडे अर्ध्या आभाळाएवढाच, साधारण ४५ अंशांवर चढतो. सकाळी साडेआठ-नऊला तो आणखी खाली असतो आणि बाजूनं येतो. आम्ही तीच वेळ धरली. सावलीतल्या गालाकडे दोन मुलांनी पांढरी चादर ताणून धरली. चादरीवरून उलटलेला उजेड गालावर पडतो आणि सावली काळी होत नाही. लग्नातल्या फोटोग्राफरची छत्री तेच करते, भाडं घेऊन.

कॅमेरा म्हणजे भाचीचा फोन. फोनबद्दल दोनच गोष्टी सांगतो. फोन तोंडाजवळ नेला की नाक मोठं आणि कान छोटे होतात, कारण एवढ्या जवळून नाक लेन्सला कानांपेक्षा बरंच जवळ पडतं आणि जवळचं ते मोठं दिसतं. चित्रकार एवढ्या जवळून बघत नाही, तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेला असतो. म्हणून पाच-सहा पावलं मागे जा आणि दुप्पट झूम लावा. दुसरी गोष्ट पोर्ट्रेट मोडची. तो मागचं सगळं धूसर करतो, म्हणून लोकांना आवडतो. पण जुन्या चित्रांत कठडा, झाडं, दागिना सगळं स्पष्ट असतं, डोळ्याला सगळीकडे फिरायला जागा असते. आम्ही तो मोड लावला तेव्हा फोननं हंसाची मान मागच्या भिंतीत विरघळवून टाकली. बंद केला.

उभं राहण्याचंही एक आहे. फोटो म्हटला की आपण सावधानमध्ये उभे राहतो. चित्रातली बाई कधीच तशी नसते. भार एका पायावर, कंबर थोडी कललेली, मान उलट बाजूला. भाचीला ते जमेना. शेवटी आजी खालून ओरडली, "नळावर घागर भरायची वाट पाहत उभी राहतात तशी राह्य की!" आणि जमलं.

गंमत येते कुठून?

आता हंस. खरं पांढरं बदक आणायचा विचार एका भाच्यानं मांडला होता, पण गच्चीवर बदक सांभाळणं म्हणजे वेगळाच प्रकल्प. शेवटी हॉटेलात पलंगावर घडी घालून ठेवतात तसा टॉवेलचा हंस केला. डोळ्यांना दोन मिरे, आणि चोच संत्र्याच्या सालीची. नागपुरात आणखी कशाची होणार!

पण टॉवेलचा हंस ही फक्त गमतीदार वस्तू झाली. ती एकदा हसवते आणि संपते. आम्ही त्याच्या चोचीत लग्नाचा बायोडाटा दिला. वर गणपती, खाली रकाने. नाव: नळ. गाव: निषध. व्यवसाय: राजा. छंद: घोड्यांची पारख, स्वयंपाक. (नळाच्या हाताला चव होती. 'नलपाक' हा शब्द उगाच नाही आला.) आणि अपेक्षांच्या रकान्याखाली भाचीनं एक ओळ कोरी सोडली, 'सवयी:'. पुढे काही नाही.

ज्याला कथा ठाऊक आहे त्याला ती कोरी जागा टोचते. नळ पुढे फाशांच्या जुगारात राज्य हरतो आणि दमयंतीला रानात झोपलेली टाकून निघून जातो. हंसानं हे सांगितलं नव्हतं. बायोडाट्यात कधीच नसतं.

या प्रकारात एक कसोटी मी माझ्यापुरती धरली आहे. एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं जीव तोडून मूळासारखं ठेवायचं. दमयंतीला गॉगल, हंसाला टोपी, मागे बुलेट असं सगळंच बदललं तर ते गॅदरिंगचं फॅन्सी ड्रेस होतं. आणि जी गोष्ट बदलायची ती मूळ कथेतूनच निघायला हवी. ती नुसती नवी असून भागत नाही. मोबाइल कुणाच्याही हातात देता येतो. बायोडाटा हंसाच्याच चोचीत शोभतो.

"पण ही चोरी नाही का?"

आमच्या एका वकील नातेवाइकानं पहिला आक्षेप हाच घेतला, आणि मग स्वतःच खोडला. भारतात १९५७ च्या कायद्यानं चित्रावरचा कॉपीराइट, म्हणजे नकला करायचा हक्क, चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. रविवर्मा २ ऑक्टोबर १९०६ ला गेला. मुदत कधीच सरली, चित्रं आता सगळ्यांची. सरकारनं त्याची चित्रं राष्ट्रीय कलाठेवा ठरवली आहेत हेही खरं, पण त्या नियमाचा अर्थ मूळ चित्र देशाबाहेर नेता येत नाही, असा. गच्चीवर त्यासारखं उभं राहायला त्याची आडकाठी नाही.

खरी अडचण दुसरीकडे येते. २०२० साली छायाचित्रकार जी. वेंकट राम यांनी सुहासिनी मणिरत्नम यांच्या नाम ट्रस्टसाठी एक कॅलेंडर केलं, दक्षिणेतल्या अभिनेत्री रविवर्म्याच्या चित्रांतल्यासारख्या उभ्या करून. फार देखणं काम. चित्रं जुनी असली तरी ते फोटो नवे, त्यांचा हक्क जिवंत आहे. ते उचलून लग्नाच्या पत्रिकेवर छापले तर ती मात्र चोरी. प्रत्येक देशाचं गणितही सारखं नाही. इटलीचा चित्रकार बोत्तिचेल्ली जाऊन पाचशे वर्षं झाली, तरी २०२२ मध्ये त्याची व्हीनस कपड्यांवर छापली म्हणून फ्लॉरेन्सच्या उफित्सी संग्रहालयानं जाँ पॉल गोतिए यांच्या फॅशन कंपनीविरुद्ध कायद्याचा बडगा उगारला. इटलीत सरकारी संग्रहातलं चित्र धंद्यासाठी वापरायचं तर परवानगी आणि पैसे लागतात.

"देवाधर्माची थट्टा कशाला?"

आजीनं विचारलं ते हेच, आणि तिचं विचारणं मला हसण्यावारी न्यावंसं वाटलं नाही. तिच्या लहानपणी रविवर्म्याच्या लक्ष्मीची तसबीर देव्हाऱ्यात होती. छापील कागद, पण त्याला रोज कुंकू लागायचं. ज्या चित्राची पूजा होते त्याच्याशी खेळताना हात आखडता घ्यावाच. दमयंती निवडताना आम्ही तोही विचार केला होता. ती कथेतली राजकन्या, तिची तसबीर कुणाच्या देव्हाऱ्यात नसते. कायदाही हेतू बघतो. भारतीय न्याय संहितेचं कलम २९९ लागू होतं ते कुणाच्या धर्मभावना मुद्दाम, दुष्ट बुद्धीनं दुखावल्या तर. पण कायद्याच्या कितीतरी अलीकडे घरातली आजी असते, तिला आधी दाखवावं.

आणि आपल्या गावाला हा खेळ नवा नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शंभराहून जास्त वर्षं काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे वाईटाचे मोठे पुतळे, मिरवणुकीनं निघतात. काळीचं नातं लोक पूतनेशी जोडतात, आणि तिच्या आजूबाजूला महागाईपासून पुढाऱ्यांपर्यंत सगळ्यांचे बडगे, म्हणजे टर उडवणारे पुतळे, नाचतात. पुराणातलं पात्र घ्यायचं आणि आजचं गाऱ्हाणं त्याच्या गळ्यात बांधायचं, ही नागपूरची जुनीच खोड आहे. बंगळूरच्या कलाकार पुष्पमाला एन. यांनी २००० ते २००४ च्या दरम्यान छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्यासोबत जी छायाचित्रमाला केली, तिच्यात रविवर्म्याची लक्ष्मीही त्या स्वतःच झाल्या. त्यांचं काम आज कलादालनांत लागतं. आमचं फ्रिजवर लागलंय, एवढाच फरक. बरं, एवढाच नाही, पण असो.

"एआयवर अर्ध्या मिनिटात होतं की!"

होतं. एका पुतण्यानं करून दाखवलं. भाचीचा चेहरा, लाल साडी, हंस, कमळं, आमच्यापेक्षा शंभरपट देखणं. अशी यंत्रं लाखो चित्रं चाळून, कशाशेजारी काय असतं याचा अदमास शिकतात आणि मागाल ते नव्यानं रंगवून देतात. कुणी उभं राहत नाही, कुणाला मान वळवायला सांगावं लागत नाही. ते दोन फोटो शेजारी ठेवून घरात मतं मागितली गेली. मला तेव्हा दमयंतीचं स्वयंवर आठवलं.

हंसाचं बोलणं ऐकून दमयंतीनं मन ठरवलं होतं. पण स्वयंवराच्या मंडपात एकसारखे पाच नळ बसलेले. इंद्र, अग्नी, वरुण आणि यम, चौघेही नळाचं रूप घेऊन आले होते. तिला कळेना. तिनं देवांनाच साकडं घातलं, तेव्हा त्यांनी आपली लक्षणं उघडी केली. चौघांना घाम नव्हता, पापणी लवत नव्हती, गळ्यातली फुलं टवटवीत होती, पाय जमिनीला टेकत नव्हते, सावली पडत नव्हती. पाचव्याची माळ कोमेजली होती, अंगावर धूळ आणि घाम होता, पापणी लवत होती, आणि सावली पायाशी पडली होती. तिनं माळ त्याच्या गळ्यात घातली.

आमच्या गच्चीवरचे फोटो दोनशे बारा निघाले. त्रेचाळीस फोटोंत भाचीचे डोळे मिटलेले. अकरा वाजेतो गजरा मलूल झाला, वरच्या ओठावर घाम आला, साडीच्या काठाला गच्चीची धूळ लागली. हंसाचा एक मिरा पडला तो सापडलाच नाही. आणि जो फोटो सगळ्यांत चांगला आला, त्यात कपडे वाळत घालायच्या दोरीची सावली लाल साडीवरून तिरकी गेली आहे, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत. पुतण्या म्हणाला, दे इकडं, दोन सेकंदांत पुसतो. फोन तिच्याकडेच होता. तिनं फोटो मोठा करून बघितला, सावलीवरून बोट फिरवलं, आणि तसाच ग्रुपवर पाठवून दिला.